शून्य हजार

सोपान: आगं पण काल सगळी वाडी खूश व्हती ना! मग स्क्रीनवरचे आकडे बदलून चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतीस तू?

श्रेया: सगळी नव्हती, काका. ह्या बघा लंकाकाकू. मी लॅपटॉप उघडायच्या आधीपासून मंडपाच्या खांबाला टेकून उभ्या आहेत. खुर्ची दिली तर बसत नाहीत.

लंकाबाई: खुर्चीत बसायला मी काय सत्काराला आलेय? माझं काम करा, मी चालले.

सोपान: कसलं काम, वैनी? यात्रेचा दिवस हाय, माझ्यामागं सतरा भानगडी. आचारी अजून आला नाय, कुस्त्यांचा पंच तापानं फणफणलाय. लवकर बोला.

लंकाबाई: काल आरतीच्या टायमाला तुमच्या त्या मोठ्या टीव्हीवर माझं नाव आलं. लंकाबाई सोमाजी. नावापुढं रुपयाची खूण. आन् खुणेपुढं काय? शून्य हजार. सगळी वाडी बघत व्हती. पोरं फिदीफिदी हसली. कुनीतरी मागून म्हनलं, काकूनं देवाला बी टोपी घातली.

सोपान: टीव्ही नाय ओ वैनी, एलईडी स्क्रीन हाय ती. वारूळवाडीवरनं भाड्यानं आणलीय.

लंकाबाई: तुमी काशीवरनं आना. शून्य ते शून्यच.

श्रेया: चूक माझी आहे, काकू. मशीनची नाही, माझीच.

सोपान: तुझी कसली चूक? म्या सांगितलं तसं केलंस तू.

श्रेया: तेच तर. तुम्ही सांगितलंत आणि मी पाच मिनिटांत करून दिलं. लहान रकमांचं काय होईल, हे बघितलंच नाही.

सोपान: मग काय करायचं व्हतं? परवा तू पहिल्यांदा चालू केलंस तवा काय इज्जत गेली माझी, इसरलीस?

लंकाबाई: काय झालं व्हतं परवा?

सोपान: काय झालं! मी वर्गणी दिली एक्कावन्न हजार एक. हिच्या प्रोग्रामनं पुढं टिंब देऊन आणखी दोन शून्यं लावली. पैशांची. आता देवाला पैसे कोण देतंय? त्यात स्क्रीनचा नेमका टिंबाचा दिवा गेलेला. लांबून दिसलं, एक्कावन्न लाख शंभर!

लंकाबाई: अगं बाई!

सोपान: हसताय काय? कुणीतरी फोटू काढून ग्रुपवर टाकला. आमच्या मोहिनीच्या सासऱ्याचा रातीच फोन. म्हणे, व्याही, एवढं हाय तर लग्नात बुंदीच्या जागी शिरा का केलात? लेक दिलीय त्या घरात. काय सांगू त्यांना, टिंब गेलं म्हणून?

श्रेया: मग काकांनी मला सांगितलं, ती शून्यंबिन्यं काढ सगळी, आकडा आटोपशीर कर, हजारात दाखव.

सोपान: बरोबर सांगितलं. स्क्रीन अरुंद, लोकांची नावं हातभर लांब. एकेकानं आज्याचं सुद्धा नाव घातलंय. आकड्याला जागा कुठनं आणायची?

लंकाबाई: म्हनून माझ्या तीनशे एकाचं शून्य केलं?

श्रेया: काकू, नीट सांगते. प्रोग्राममध्ये तुमची रक्कम बरोबर आहे. तीनशे एक. तिला कुणी हात लावलेला नाही. पण आतला आकडा नुसता उघडाबोडका आकडा असतो. तो पैसा म्हणून चारचौघांत आणायचा तर त्याला नेसवावं लागतं. रुपयाचं चिन्ह, मराठी आकडे, स्वल्पविराम लाखाच्या घरात द्यायचा की इंग्रजी पद्धतीने, पुढे पैसे दाखवायचे की नाहीत. एका ओळीचं काम असतं. मी त्या ओळीत लिहिलं, हजाराने भाग आणि पूर्ण हजारच ठेव. निम्म्याच्या वर असेल तर वर चढव, निम्म्याच्या खाली असेल तर खाली.

लंकाबाई: मंजी तीनशे एक काय हजाराचं निम्मं न्हाई. म्हनून खाली.

श्रेया: हो.

लंकाबाई: आन् आमच्या भागूभावजींनी पाचशे एक दिलं. त्याचं?

श्रेया: ते निम्म्याच्या वर गेले. एका रुपयाने. त्यांचे झाले एक हजार.

लंकाबाई: आत्ता कळलं! तरीच काल दीर माझा मिशीला पीळ देत फिरत व्हता. माझ्या दारावरनं तीनदा गेला. एकदा बी खोकल्याबिगर गेला न्हाई.

सोपान: तेच मी म्हणतोय, वैनी! नुसता भागू नाय. अर्ध्या वाडीनं पाचशे एक दिलेत. काल एका रातीत सगळे हजारी झाले. लोक एकमेकांना चहा पाजत व्हते हॉटेलात. आता ह्या पोरीनं त्यांना उतरवून परत पाचशे एकावर आणलं तर काय व्हईल? ऐन यात्रेत मारामाऱ्या व्हतील, राव!

लंकाबाई: देनार पाचशे आन् मिरवनार हजार. आन् मी देनार तीनशे आन् मिरवनार शून्य. भैरोबाच्या दारात हा कुठला न्याय काढला तुमी?

सोपान: न्याय नाय ओ, सोय हाय. वैनी, ऐका माझं. मी कमिटीकडनं तुमचे तीनशे एक परत देतो. आत्ता देतो, खिशातनं. तुमचं काय नुकसान नाय.

लंकाबाई: हात खिशात घालू नका! देवाला दिल्यालं परत घ्यायला मी काय भिकारीन हाये? पावती हाये माझ्याकडं. ही बघा. ह्या पोरीनं फाडलीय.

सोपान: तू फाडलीस?

श्रेया: मी फाडली. परवा वर्गणीच्या टेबलावर मी बसले होते. काकू आल्या, पैसे दिले, मी पावती दिली आणि नोंद केली. काय चुकलं?

सोपान: चुकलं नाय... पण विचारायचं तरी. बरं, मग असं करू. हजाराच्या खालच्या समद्यांची नावं काढून एकच ओळ टाकू. 'इतर भाविक.' सगळ्यांची मिळून रक्कम. कुणी वर नाय, कुणी खाली नाय.

लंकाबाई: इतर? मी कुनाची इतर, भावजी? ह्या वाडीत मी नांदायला आले तवा तुमाला शाळंत बी घातलं नव्हतं. तुमची आई माझ्या कडेवर द्यायची तुमाला आन् पान्याला जायची. आता मी इतर झाले?

सोपान: आवो तसं नाय...

लंकाबाई: तसंच हाये. आन् पाचशे एकवाले बी हजाराच्या खालचेच, त्यांना न्हाई का काढनार? भागूभावजींना जाऊन सांगा, तुमी इतर. मंग मी बी गप बसते.

सोपान: भागूला सांगायचं म्हंजे...

श्रेया: बघा. ते तुम्हाला जमणार नाही.

सोपान: तू मधे बोलू नकोस. वैनी, एवढं काय मनाला लावून घेता? एका सांजेचा तर प्रश्न हाय. उद्या स्क्रीन गेली वारूळवाडीला, सगळे इसरले.

लंकाबाई: स्क्रीन जाईल. पालखी आज निघायची हाये.

सोपान: पालखीचा काय संबंध?

लंकाबाई: तुमी मला येडी समजू नका. पालखीच्या म्होरं तुमी चालता ना? मंग तुमच्या खिशातला कागद काढा. कुठल्या कुठल्या उंबऱ्याला थांबायचं, तो.

श्रेया: काका, तो कागद मीच काढून दिलाय काल. डिंगोऱ्याहून छापून आणला. स्क्रीनवर जे होतं तेच आहे त्यावर.

लंकाबाई: मंग माझ्या नावापुढं काय हाये?

सोपान: थांबा, चष्मा लावतो.

लंकाबाई: वाचा की.

सोपान: शून्य हजार.

लंकाबाई: आन् शून्यवाल्याच्या दारात पालखी थांबती का?

सोपान: वैनी, वर्गणी दिली नाय त्या उंबऱ्याला थांबत नाय, ही तर जुनी रीत हाय. मी नाय काढली.

लंकाबाई: मी दिलीय!

श्रेया: काकू, थांबा. पाणी घ्या जरा.

लंकाबाई: पानी नको मला. ह्या पोरीला कळू दे. तू पुन्याला असतीस, तुला म्हाईत न्हाई. आमचे हे व्हते तवर वर्गणी मागायला मान्सं दारात यायची. ह्यांनी सागाचा पाट करून घेतला व्हता आळे गावच्या सुताराकडनं, खास पालखी टेकवायला. वर्साचा एकच दिवस तो पाट निघायचा. हे गेले, आन् म्होरल्याच साली कमिटी भागूभावजींच्या दारातनं मागं फिरली. मी दारात उभी. म्हनलं, आवो, माझी वर्गणी? तर म्हनले, भागूनं दिली दोन्ही घरांची मिळून, आता तुमचा येकच उंबरा.

सोपान: भागूनंच तसं सांगितलं व्हतं. म्हणाला, वैनी एकट्या, त्यांच्यावर भार नको.

लंकाबाई: भार! मला इचारलं का कुनी? चूल माझी येगळी, कांदा माझा येगळा, घरपट्टी मी भरते. निसता देवाच्या दारात उंबरा येक. तवापासनं पालखी त्यांच्या दारात टेकती. मला म्हनतात, ताट घिऊन हितंच ये. गेले एक साल. जाऊबाईनं मला न्हानीच्या बाजूला उभं केलं. म्हनली, विधवेनं म्होरं येऊ नये. त्या दिवसापासनं मी माझ्या दारात ताट घिऊन उभी ऱ्हाते. पालखी येती आन् जाती. तुमी म्होरं असता, भावजी. माझ्याकडं बघत बी न्हाई.

सोपान: बघवत नाय, वैनी. म्हणून बघत नाय.

लंकाबाई: मंग ह्या साली मीच उठले. म्हनलं, कुनी मागायला येत न्हाई तर आपन जाऊन द्यावं. कमिटीनं कमीत कमी दोनशे एक ठरवलेत. मी शंभर वर दिले. कुनी म्हनायला नको, कशीबशी दिली. आन् तुमी त्याचं शून्य केलं.

श्रेया: काकू, हे तुम्ही पैसे देताना मला का नाही सांगितलंत?

लंकाबाई: वर्गणी देताना कुनी रामायन सांगतं व्हय? दिली, झालं.

श्रेया: झालं नाही. आता होईल. काका, जरा सरका, वायर तुमच्या पायाखाली आहे.

सोपान: काय करतीस?

श्रेया: ती ओळ बदलते. हजार काढून टाकते. पैशांची दोन शून्यं नकोत, टिंबच नको, म्हणजे कुणाचे एक्कावन्न लाख होणार नाहीत. पूर्ण रुपया. आकडे मराठी. स्वल्पविराम आपल्या रीतीने, लाखाच्या घरात. ज्याने जे दिलं ते.

सोपान: आणि जागा? नावं बसायची कशी?

श्रेया: अक्षर बारीक करते. आजोबांचं नाव दुसऱ्या ओळीत जाईल. आजोबा काही तक्रार करायला येणार नाहीत.

सोपान: श्रेया, थांब. मी अध्यक्ष हाय कमिटीचा. मी सांगतोय, थांब. नायतर तो स्क्रीनवाला ऋतिक हाय, त्याला सांगून कालचा फोटूच लावतो वर.

श्रेया: लावा. पण मग माइकवर माझं नाव घेऊ नका. काल चारदा सांगितलंत, आमच्या श्रेयाने केलंय, पुण्याच्या कंपनीत आहे. माझ्या नावाखाली मला खोटे हजार नकोत आणि खोटं शून्य तर मुळीच नको.

सोपान: घरची पोर असून माझ्यासमोर उलटं बोलतीस?

श्रेया: घरची आहे म्हणून तर बोलते. कंपनीत मी काय करते, माहीत आहे तुम्हाला? हेच करते. देशोदेशीच्या लोकांना त्यांचा पैसा त्यांच्या रीतीने दाखवते. जपानच्या येनपुढे टिंब द्यायचं नाही. जर्मन माणसाला टिंबाच्या जागी स्वल्पविराम लागतो आणि स्वल्पविरामाच्या जागी टिंब. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर मला तिकडून मेल येतो. त्यांच्या ठिपक्यासाठी मी जीव टाकायचा, आणि माझ्या वाडीत माझ्या काकूंचं शून्य झालं तर सोय म्हणून सोडून द्यायचं? जमणार नाही.

लंकाबाई: बोल गं, बोल. तोंड हाये तुला.

सोपान: वैनी, तुमी नका हवा भरू तिला.

श्रेया: आणि तुमचं स्वतःचं काय, काका? परवा एक टिंब दिसलं नाही तर मला झोपेतून उठवलंत. तुमचा आकडा वाढला तरी तुम्हाला चाललं नाही. ह्यांचा तर पुसूनच टाकला.

लंकाबाई: तीनशे जाऊ द्या, भावजी. वरचा एक कुठं गेला, ते सांगा.

सोपान: वरचा एक?

लंकाबाई: माझा न्हाई निसता, तुमचा बी. एक्कावन्न हजार एक दिलं ना? काल नुसतं एक्कावन्न हजार लागलं. तो एक कुनी खाल्ला?

श्रेया: सगळ्यांचाच गेला, काकू. गेणभाऊंनी मुंबईहून एक लाख एक पाठवले, त्यांचे शंभर हजार झाले. सकाळीच फोन होता. म्हणाले, लाख म्हणायला जीभ जड होते का तुमच्या कमिटीची? आणि माझा एक कुठाय?

लंकाबाई: बरोबर इचारलं त्यानं. आवो, बाकीचं समदं आपल्या ऐपतीचं. वरचा एक तेवढा देवाचा. शून्यावर दिलं की देनं मिटलं, हिशेब संपला. एक वर ठिवला की म्होरलं साल जोडलं जातं. तुमची आई तर तो रुपया येगळा काढून त्याला हळदकुंकू लावायची. म्या बघितलंय.

सोपान: लावायची. पदराच्या गाठीतनं काढायची.

लंकाबाई: मंग? समद्या वाडीचं म्होरलं साल तोडून ठिवलंत तुमी. आन् म्हनता, सोय.

श्रेया: झालं. सुरू करते.

सोपान: आगं थांब! लोक हाएत समोर, कुस्त्यांची माती टाकायला आलेत. भर दुपारी नको...

श्रेया: झालं सुरू. बघा. तुमचं पहिलं आहे. एक्कावन्न, स्वल्पविराम, शून्य शून्य एक. तुमचा एक परत आला.

सोपान: दिसतोय की नीट.

श्रेया: आता पुढचे सरकतील. गेणभाऊ... एक लाख एक. बघा स्वल्पविराम कसा जागेवर बसलाय.

सोपान: आता पाचशेवाले येतील. आली यादी... अरे देवा. भागूच हाय पयला. माती टाकायची सोडून फोन लावतोय तो मला. लागला बी! ...हां, बोल भागू. ...नाय, बिघडली नाय. ...अरे तू किती दिलेस? ...मग तेवढेच दिसतायत की! ...काल हजार दिसले ती चूक व्हती. ...कुणाची म्हंजे, कमिटीची. माझी. ...नाय, बंद नाय करणार. ...अरे ओरडतोस काय, तुझे पाचशे एक कुणी पळवले का? ...वैनींचं? ...हां, आलंय त्यांचं बी नाव. ...ते पालखीचं मग बोलू. ठेव.

लंकाबाई: आलं का माझं?

श्रेया: ते बघा. खालून दुसरं.

लंकाबाई: तीन. शून्य. एक.

श्रेया: तीनशे एक.

लंकाबाई: शून्य हाये की तिच्यात.

श्रेया: असू दे. मधे आहे. दोन्हीकडून धरून ठेवलंय त्याला.

लंकाबाई: ही कोन पोरं बघतायत? बघा रे, नीट बघा! कालची हसनारी कोन व्हती, म्होरं या!

सोपान: झालं ना मनासारखं, वैनी? आता जावा घरी, ऊन लागतंय.

लंकाबाई: जाते. कागद बदलला?

सोपान: कुठला?

लंकाबाई: खिशातला.

सोपान: वैनी, स्क्रीनचं वेगळं आणि पालखीचं वेगळं. पालखी खांद्यावर घेणारी निम्मी पोरं भागूच्या भावकीतली. तो म्हणतोय, तुमच्या दारात थांबली तर आमी खांदा काढून घेऊ. भर गल्लीत देवाची पालखी अडली तर तोंड कुठं लपवू मी?

श्रेया: मी नवा कागद काढून आणते डिंगोऱ्याहून. अर्ध्या तासात येते.

सोपान: कागदानं काय व्हतंय, पोरी? कागद मी वाचीन. पण थांबायचं खांद्यांनी असतं.

लंकाबाई: तुमी वाचा तर. खांद्यांचं मी बघते. आज मी दारात उभी ऱ्हानार न्हाई, एवढं सांगून ठिवते.

सोपान: म्हंजे? कुठं उभ्या ऱ्हाणार?

लंकाबाई: या की बघायला.

(संध्याकाळ. लंकाबाईंचं घर. ढोल-लेझीम गल्लीच्या वळणापर्यंत आलेलं.)

श्रेया: काकू, अहो रस्त्याच्या मधोमध काय उभ्या राहिलात? निदान कडेला तरी या.

लंकाबाई: कडंला लई वर्सं उभी व्हते. कडंची बाई पालखीला दिसत न्हाई.

श्रेया: गर्दी आहे मागे. ढकलाढकली झाली तर?

लंकाबाई: व्हऊ दे. पालखी माझ्या अंगावरनं न्ह्यायला सांग त्यांना.

श्रेया: ताट मी धरू का? जड आहे ते.

लंकाबाई: असू दे. जड असलं तरी माझंच हाये. निरांजन इझलं का बघ तेवढं.

श्रेया: नाही. जळतंय.

लंकाबाई: कुठवर आली?

श्रेया: तुमच्या दिरांच्या दारात टेकलीय. आरती चाललीय तिथे. जाऊबाई पुढे आहेत, नवी साडी नेसून.

लंकाबाई: नेसू दे. कागद दिलास ना त्यांना?

श्रेया: दिला. काकांनी बघितला, घडी केली, खिशात ठेवला. काही बोलले नाहीत.

लंकाबाई: ते तसंच. लहानपनी बी असंच करायचं. कडेवरनं उतरायचं नसलं की निस्तं गप.

श्रेया: उठवली बघा पालखी. निघाली. काकू... दोन पोरं खांदा सोडून बाजूला झाली.

लंकाबाई: कोन?

श्रेया: तुमचे पुतणे. भागूकाका हात करून बोलावतायत त्यांना. पालखी एका बाजूला कलली... थांबा, थांबा. सोपानकाकांनी खांदा दिला! टोपी पडली त्यांची. आणि हॉटेलवाला घुसला दुसऱ्या बाजूने. कालचा हजारी.

लंकाबाई: चालती का पालखी?

श्रेया: चालतेय. सरळ येतेय तुमच्याकडे. काकू, बाजूला व्हा ना!

लंकाबाई: न्हाई.

सोपान: वैनी! वैनी, बाजूला व्हा!

लंकाबाई: न्हाई व्हनार. काय करायचं ते करा. पावती हाये माझ्याकडं. तीनशे एक दिलेत म्या, समद्या वाडीनं बघितलंय. ह्या उंबऱ्याला सोडून आज पालखी म्होरं जायची न्हाई. भागूभावजी, तुमी बी ऐका तिकडं! येक घर असल तुमच्या कागदात. उंबरं दोन हाएत!

सोपान: वैनी, ऐका तर...

लंकाबाई: लई ऐकलं!

सोपान: आवो, माझा खांदा चाललाय इथं! बाजूला सरका म्हंजे तुमच्या दारात टेकवता येईल आमाला. तुमीच वाट अडवून उभ्या ऱ्हायलात.

लंकाबाई: माझ्या दारात?

श्रेया: काकू. तुमच्या दारातच आणतायत ते. सरका जरा.

सोपान: बोला लवकर, वैनी. टेकवायची कशावर? पाट कुठाय?

लंकाबाई: पोरी... माळ्यावर हाये बघ, गोनपाटात गुंडाळल्याला. पळ. म्या खाली काढलाच न्हाई.